दुपट्ट्याखालचं एक बोट

बातमी आली तेव्हा माझ्या तोंडाला पांढरी दाढी होती. शाळेत पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करणाऱ्या मुलीला खोकत, कण्हत कसं चालायचं ते काही केल्या जमेना. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या मी स्वतःच दाढी चढवली, काठी घेतली आणि पटांगणात दोन येरझारा घातल्या. एवढ्यात फोन वाजला. सौसरहून कुसुममावशी. मावशी स्वतःहून कधी फोन लावत नाही. तिला वाटतं, पलीकडच्या माणसाचे पैसे कटतात. "भाऊ गेला वं," ती म्हणाली. "सकाळी चहा देला, तं कप हातातच राहिला." मी तिथेच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले... आणि समोरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मॅडम पुढचा प्रवेश करून दाखवून राहिल्या. गजामामा असते तर गालातल्या गालात हसून म्हणाले असते, "पाह्य नाटके, तुह्यं खरं रडणंबी कोणाले खरं वाटत नाही." नाटकी हे त्यांनी मला पाचवीत असताना ठेवलेलं नाव. माझ्या लग्नपत्रिकेवर ते छापायचंही त्यांच्या मनात होतं, आईने हाणून पाडलं.

गजामामा सौसरच्या बैलबाजारातले दलाल. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगते : तिथे भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकतात आणि त्याच्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. तोंडं अशी, जणू दोघं कंटाळून पावसाची वाट पाहून राहिले. मामांचं तोंड तर भिंतच. दुपट्ट्याखाली जोरात भांडण चाललेलं असायचं आणि वर मामा समोरच्याला विचारायचे, "पोराची परीक्षा झाली का?" लहानपणी मी हट्ट धरला होता की मलाही शिकवा. त्यांनी हात झटकला. "बाईचा हात दुपट्ट्याखाली येत नसते." पण बाजारात शिकलेलं त्यांनी घरातही आणलं. महत्त्वाची कोणतीही गोष्ट ते तोंडाने बोलत नसत. मला पाहायला मुलगा आला तेव्हा सगळे अदबीने बसले होते, आणि मामांनी भर बैठकीत माझ्या वडिलांच्या हातावर दुपट्टा टाकून काहीतरी दाबलं. वडील लगेच म्हणाले, "आम्हाला पसंत आहे." वडिलांना बोटांची भाषा येत नव्हती. पुढे विचारलं तर म्हणाले, "इतक्या जोरात दाबलं, की नाही म्हणायची सोय नव्हती."

मामी लवकर गेल्या. दिनेश, त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा दुसरीत होता. त्याला वाढवलं कुसुममावशीने. मावशी मामांची धाकटी बहीण, माझ्या आईचीही. तिला सावरगावला दिली होती आणि ती थोड्याच वर्षांत एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही. त्यानंतर आजोबा वारले आणि आमच्याकडे होतं तेच झालं. दोघी बहिणींनी नव्या साड्या नेसून तहसिलीत जाऊन आपापला हक्क भावाच्या नावे सोडला. आमच्या आईचं ठीक होतं, तिला पांढुर्ण्यात घर होतं. मावशीला या घराशिवाय दुसरं घरच नव्हतं, तरी तिनेही सही केली. बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे आमच्या बायकांना कुठे लिहिलेलं दाखवावं लागत नाही. भावाने साडीचोळी केली, बहिणींनी त्याला ओवाळलं, गावाने म्हटलं, बहिणी असाव्या तर अशा. भावाने दिलेली ती साडी मावशीने अजून घडी मोडून नेसलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, बरे होऊन परत आले, पण डॉक्टरांनी दिनेशला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यानंतर दिनेशची घाई सुरू झाली. दिनेश वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून ठेवते. नागपूरला नोकरी, लहानसा फ्लॅट, दोन मुलं. त्याचा हिशेब सरळ होता : बाबांना नागपूरला न्यायचं, रामाकोन्याचा संत्र्याचा बगीचा ठेक्याने द्यायचा, सौसरचं घर विकून मोठा फ्लॅट घ्यायचा. एका रविवारी तो एका माणसाला घेऊन आला आणि त्या माणसाने टेप काढून अंगण मोजलं. मावशीने त्याला चहा दिला. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, तर तेही तिनेच धरलं. मग तो माणूस गेल्यावर तिने विचारलं, "आन मी रे?" दिनेश म्हणाला, "आत्या, तुझी काहीतरी सोय करू न." मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. तोंड भिंतीसारखं.

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन. "नाटके, तुह्या गावात चांगला वकील पाह्य. वसीयत करतो." आमच्याकडची कचेरी हिंदीत चालते, म्हणून मृत्युपत्र कोणी म्हणत नाही, कचेरीतला शब्द वसीयत, तोच घरातला. मी पांढुर्ण्यातल्या एका वकीलबाईंची वेळ घेतली. बाई फोनवर म्हणाल्या, घराचे आणि जमिनीचे कागद आणा, आधार कार्ड आणा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनाशी ठरवून या. कोणाला काय द्यायचं ते काकांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं पाहिजे. त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी सांगितलेलं मला चालणार नाही. मी फोन ठेवला. कागद सापडतील, आधार कार्ड सापडेल. पण गजामामा आणि स्वतःचं तोंड...

म्हणून मी तालीम घ्यायचं ठरवलं. नवऱ्याचा लग्नातला कोट घेऊन सौसरला गेले. मागच्या खोलीत टेबल लावलं, कोट घातला, डोळ्यांवर मावशीचा चष्मा चढवला, त्यामुळे मला काहीच दिसेना, पण रुबाब आला. मामांना दाराबाहेर उभं केलं आणि घंटी म्हणून पेल्यावर चमचा वाजवला.

"बसा. नाव?"

"तुले मालूम नाही?"

"मामा, मी वकील आहे."

"मंग वकीलसाहेब, पहिले चष्मा काढा. तुम्ही भिंतीसंग बोलून राहिले."

नाव, वय, बाप, गाव, इथपर्यंत मामांनी ठणठणीत उत्तरं दिली. बगीचा कोणाला? "दिनेशले." हेही झालं. मग मी विचारलं, "आणि घर?"  स्वयंपाकघरात मावशी भाकरी थापत होती, तो आवाज मधेच थांबला. मी आवाज उतरवला. "मामा, वकीलबाई हेच विचारतील. आणि नुसतं कुसुमला राहू द्या म्हटल्याने भागत नाही, त्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एक, तिला मरेपर्यंत राहण्याचा हक्क द्यायचा आणि घर दिनेशचं. किंवा घरच तिच्या नावे करायचं. कोणतं?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, नका बोलू, बोटांनी सांगा. राहण्यापुरतं असेल तर एक बोट दाबा, मालकी असेल तर पूर्ण मूठ धरा.  मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला... आणि ज्या माणसाने लहानपणी माझा हात झटकला होता, त्याने तो माझ्या हातावर टाकला. त्यांचा हात थंड होता. बोटं माझ्या मुठीभोवती आली, थांबली, जरा मागे गेली. आणि त्यांनी माझं एक बोट धरलं. एकच.

"घर पोराचं असते," ते हळूच म्हणाले. "बहिणीले राहू द्याव. असंच चालत आलं आहे."

"आणि पोराने विकलं तर? कागदावर हक्क राहील, पण टेप घेऊन आलेल्या माणसांना मावशी रोज चहाच देत बसेल न?"

"वकीलसाहेब, तुम्ही लय बोलून राहिले," म्हणत मामा उठले आणि दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. तालीम संपली. मी कोट काढला तर पाठ घामाने भिजली होती.

स्वयंपाकघरात गेले. मावशीने माझ्यापुढे ताट ठेवलं, वर पाहिलं नाही. "नागपूरले ते म्हाताऱ्यायचे आश्रम असते न," तिने विचारलं, "थ्या ठिकाणी आपला सैपाक आपल्याले करू देतात का वं? पाटा नेऊ देत असतीन का? मले मिक्सरची चटणी नाही चालत." मी म्हटलं, मावशी, तू कुठेही जाणार नाहीस. हे म्हणताना माझं एक बोट अजून दाबल्यासारखं दुखत होतं. राहण्यापुरतं, मावशी. मालकाची मर्जी असेल तसं. हे मी तिला सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांसारखं तोंड करून बसले, आणि मला ते जमलं याचंच वाईट वाटलं.

भेटीच्या दिवशी दिनेश गाडी घेऊन आला. वसीयतीचं त्याला कळलं होतंच आणि वकिलापुढे आपणही बसणार हे त्याने गृहीत धरलं होतं. मीही सकाळच्याच बसने सौसरला पोचले होते. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला, बगीच्यातली संत्री पिशवीत भरली, कारण वकिलाकडे काय आणि वैद्याकडे काय, रिकाम्या हाताने जायचं नसतं. मावशी वाटीत दही-साखर घेऊन आली. चांगल्या कामाला निघताना ती नेहमी देते. मामांनी हात पुढे केला, तिने त्यावर दही-साखर ठेवली, आणि मामांची नजर तिच्या मागे गेली. ओट्यावर, भिंतीला लागून, तिची पत्र्याची पेटी होती. माळ्यावरची ती पेटी इतक्या वर्षांत कोणी खाली काढलेली पाहिली नव्हती. पुसून लख्ख केलेली, कडीत नवा दोरा.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. धूळ बसली होती."

"भरली आहे का?"

"सामान किती आहे माह्यं, भाऊ," मावशी म्हणाली. "घराचे कागद वकिलाकडं चालले. म्हटलं, आपली तयारी असली पाहिजे. तू दही खा, हातावरून गळून राहिलं."

मामांनी दही खाल्लं आणि ते गाडीत बसले.  दिनेशने गाणी लावली, दोन मिनिटांनी स्वतःच बंद केली. मी मागून मामांची मान पाहत होते. दुपट्टा त्यांनी मांडीवर घेतला होता आणि त्याखाली त्यांची बोटं हलत होती. एका हाताने दुसऱ्या हाताला काहीतरी सांगणं चाललं होतं, आणि दुसरा हात ऐकत नव्हता.

वकीलबाई माझ्यापेक्षाही लहान निघाल्या, आणि त्यांना कोटाची गरज नव्हती. मामांनी संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली. बाईंनी एक उचलून वास घेतला, म्हणाल्या, "रामाकोना?" मामा खूश झाले. तेवढ्यात दिनेशने खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, बाबा का ऐसा है कि..."

"आप बाहर बैठिए."

"मैं बेटा हूँ."

"इसीलिए," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हीपण, ताई."

टेबलाखाली मामांचा हात माझा हात शोधत होता. दुपट्ट्यासकट. मला कळलं, त्यांना वाटत होतं की बोटं माझ्या हातात दाबावी आणि पुढचं मी बाईंना सांगावं. नाटकीने भाषण करावं. इतकी वर्षं हेच तर चाललं होतं... मी हात काढून घेतला आणि उठले. मामांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. बाजारात सोडून आलेल्या वासरासारखं.

बाहेर कोर्टाच्या रस्त्याला चहाची टपरी. दिनेशने दोन चहा सांगितले, एकही प्यायला नाही. "ताई, तुला माहीत आहे न बाबांनी काय ठरवलं?" मी म्हटलं, नाही. "तू खोटं बोलतेस तेव्हा तुझा आवाज लहान होते." त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "मी आत्याला रस्त्यावर टाकीन असं वाटते का तुम्हाला? तिने मला वाढवलं आहे." मी म्हटलं, "मग हे तिला का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "सांगायची गरज काय? घरातल्या गोष्टी आहेत." आणि मला एकदम हसू आलं, इतक्या तणावात. बैलबाजार नको म्हणून नागपूरला गेलेला हा मुलगा, आणि दुपट्टा मात्र सोबत घेऊन गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. दोघांनी चहावाल्याकडे पाहिलं आणि भाव विचारल्यासारखं तोंड केलं.

दार उघडलं. मामा पायऱ्या उतरून आले. दुपट्टा खांद्यावर नव्हता, घडी घालून हातात होता. ते आमच्यापर्यंत आले नाहीत. टपरीपासून चार हात अलीकडेच थांबले, भोवती अर्जनवीस, पक्षकार, सायकलवाले, आणि मामा इतक्या मोठ्याने बोलले की टपरीवरची सगळी माणसं वळली.

"घर कुसुमचं. तिच्या नावानं. बगीचा तुहा."

दिनेश पाहतच राहिला. "म्हणजे... बाबा, मग मी सौसरला कुठं येऊ?"

"तिले विचारून येजो," मामा म्हणाले.

बस. एवढंच. मग ते बाकावर बसले. मी चहा पुढे केला तर म्हणाले, "नाटके, गळा दुखून राहिला." आयुष्यभराचा भाव एका दमात सांगितल्यावर दुखणारच.

सौसरला पोचलो तेव्हा मावशी अंगणात उभी होती. मामा ओट्यावर गेले आणि पेटीवर बसले. दिनेश फाटकाबाहेरच थांबला, बूट न काढता. त्याच्या आवाजात टोमणाही होता आणि दुसरंही काहीतरी. "आत्या, आत येऊ का? घर तुझं झालं म्हणते." मावशीला कळायला वेळ लागला. तिने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. मग ती दिनेशकडे वळून म्हणाली, "पाय धुवून ये." आणि आत गेली. स्वयंपाकघरातून नुसते भांड्यांचे आवाज येत राहिले, जेवण काही आलं नाही. शेवटी दिनेशच आत गेला आणि त्याने ताटं वाढली.

पुढे रीतसर सह्या झाल्या, साक्षीदार झाले, नोंदणी झाली. पेटी मात्र माळ्यावर गेली नाही. मामा तिच्यावरच बसायला लागले. सकाळी चहा तिथे, पेपर तिथे, बाजारातली माणसं भेटायला आली तरी तिथेच. मी म्हटलं, मामा, चांगली खुर्ची आहे, पेटीचा पत्रा लागत नाही का? ते म्हणाले, "आपण वर बसलो की कोणाले उघडता येत नाही." त्याच पेटीवर, भिंतीला पाठ टेकून, हातात चहाचा कप घेऊन ते गेले.

तेराव्यानंतर मी मावशीला तालमीची गोष्ट सांगितली. कोट, चष्मा, पेल्याची घंटी, आणि मग मूठ सोडून धरलेलं ते एक बोटही. वाटलं होतं, तिला दुःख होईल. ती हसली, पदराने डोळे पुसत हसली. "एकच बोट दाबलं होतं तर," म्हणाली. "भाऊ लय चिवट दलाल होता."

गेल्या रविवारी पुन्हा गेले. पोळा आठवड्यावर आला आहे. मामांच्या खुंटीला दुपट्टा तसाच आहे, मावशी रोज झटकते, धुतलेला नाही. दिनेशचा फोन येऊन गेला होता. "पोळ्याले येऊ का म्हून विचारून राहिला होता," मावशीने सांगितलं. सांगताना तिचा चेहरा मी पाहिला. या घरात येऊ का, असं तिला आजवर कोणी टोमण्याशिवाय विचारलं नव्हतं. तीच विचारत आली होती. मी विचारलं, "मग तू काय म्हटलंस?" "म्हटलं, ये, पुरण मी वाटीन, पाट्यावर."

आम्ही दोघी पेटीवर बसलो होतो. मला खोडी काढल्याशिवाय राहवेना. म्हटलं, मावशी, मी रिटायर झाले की नवऱ्याला सोडून इथेच येते, मागची खोली देशील न? मावशीने माझ्याकडे पाहिलं. तोंड भिंतीसारखं. उठली, खुंटीवरचा दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. पाटा-वरवंट्याने खरखरीत झालेला हात. तिची बोटं माझ्या मुठीभोवती फिरली, थांबली, जरा मागे गेली...

आणि तिने माझं एक बोट दाबलं. एकच.